समज देऊन सोडले

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं हसली, आणि ज्या कागदावर हसली तो कागद मीच लावला होता.

ठाण्यातलं एक कॉलेज, परिसंवाद होता. प्रोजेक्टरच्या काचेवर एकेक ट्रान्सपरन्सी ठेवायची, मॅडमनी मान हलवली की उचलायची, पुढची ठेवायची. एवढंच माझं काम. मॅडम म्हणजे आमच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापिका. मी त्यांची पाहणी सहायक. रिमांड होममधल्या मुलींवर त्यांचा अभ्यास चाललेला. मुलींशी बोलायचं, वह्या भरायच्या, हे माझ्याकडे. अठ्ठावीस मुलींच्या अठ्ठावीस वह्या माझ्या पायाशी पिशवीत होत्या. परिसंवाद संपला की त्या मॅडमच्या हातात द्यायच्या होत्या. होमच्या जुन्या फाइली मात्र मॅडमनी स्वतः मिळवलेल्या. नावांवर काळी शाई फिरवून झेरॉक्स काढलेल्या. त्या मी पाहिलेल्या नव्हत्या.

"केस क्रमांक अकरा," मॅडम म्हणाल्या. मी अकरा नंबरची ठेवली.

पडद्यावर पोलिसी अक्षर उमटलं. वय चौदा. जात: भामटा. बापाचा धंदा: तोच.

आधी पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हसले. मग बाजूची बाई. मग सगळा हॉल. वाईट माणसं नव्हती हो ती. प्राध्यापक होते, वकील होते, संस्थांमध्ये काम करणाऱ्या बाया होत्या. विनोदच तसा होता. जात भामटा आणि धंदा तोच. मॅडमनी ओठ दाबून हसू आवरलं आणि म्हणाल्या, "नोंद करणाऱ्याची भाषा सोडून द्या. पण निरीक्षण नेमकं आहे."

मी काचेकडे बघत होते. दिव्याची धग हाताला लागत होती. खाली आणखी लिहिलेलं. चारित्र्य: संशयास्पद, नखांना रंग.

ती चौदा वर्षांची पोरगी मी. तो बाप माझा.

आता आम्ही कोण ते सांगते. आम्ही टकारी. जात्याला, पाट्याला टाकी लावणारी माणसं. टाकी म्हणजे छिन्नी. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर वाटण नुसतं घसरतं. मग टाकीनं त्यावर बारीक बारीक खाचा पाडायच्या. माझा बाप खांद्याला पिशवी लावून डोंबिवलीच्या गल्ल्यांतून हिंडायचा. "पाट्याला टाकीय्ये," अशी हाळी द्यायचा. त्याच्या हाताखालून गेलेल्या पाट्यावर खोबरं कसं लोण्यासारखं वाटलं जायचं, हे बाया अजून सांगतील. सांगायला कोणी राहिल्या असतील तर. घरोघरी मिक्सर आले आणि हाळीला वर खिडकी उघडेनाशी झाली, ती गोष्ट वेगळी.

पण सरकारी यादीत टकाऱ्यांना ज्या नावाखाली घातलंय ते नाव भामटा. आणि मराठीत भामटा म्हणजे काय, ते कुठल्याही पोराला विचारा. ठक. लुच्चा. इंग्रजांनी आमच्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं, दिवसातून दोनदा हजेरी लावली, जन्मलेलं मूलसुद्धा गुन्हेगार म्हणून नोंदवलं. माझ्या आज्यानं ते भोगलेलं. पुढे तो कायदा गेला. शब्द काही गेला नाही. ज्या दाखल्यानं माझी फी माफ व्हायची त्याच दाखल्यावर शिवी छापलेली. शाळेत दाखला द्यायचा तर मी घडी घालून द्यायची. क्लार्क घडी उघडायचा, वाचायचा, मग माझ्याकडे बघून पैशांचा ड्रॉवर बंद करायचा. मी सहावीत होते तेव्हा. ड्रॉवर बंद होण्याचा आवाज मला आजही ओळखता येतो.

त्र्याऐंशीचं साल. आम्ही डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडच्या झोपड्यांत राहायचो. शाळेत माझी एक मैत्रीण होती. अंजू म्हणू तिला. तिचा बाप बँकेत होता. घर सोसायटीत, दुसरा मजला, दाराला पितळी पाटी. अंजू मला आवडायची. ती माझ्या डब्यातली चटणी खायची आणि तिच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी मला द्यायची, आणि हे करताना इकडेतिकडे बघायची नाही. एवढ्यावरच मी तिच्यासाठी जीव टाकायचे.

शाळेच्या रस्त्यावर कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, टिकल्या, रिबिनी. एके दिवशी शाळा सुटल्यावर अंजू आत गेली, मी बाहेर. ती आली ती दोन्ही मुठी मिटून. दुकानामागच्या पायरीवर बसून तिनं मुठी उघडल्या. नेलपॉलिशच्या दोन बाटल्या, लाल आणि गुलाबी.

"एक तुझी, एक माझी," ती म्हणाली.

मला कळलं होतं. मी काही साधू नव्हते. पैसे दिलेस का, असं मी विचारलं नाही, कारण मला ती बाटली हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला अर्धा वाटा देत होतं. तिनं माझी नखं रंगवली, मी तिची. फुंकर मारून वाळवत होतो तोवर दुकानदार आला. दोघींची मनगटं धरून समोरच्या पोलीस चौकीत घेऊन गेला.

चौकीत एक जाडा जमादार होता. अंजूनं पत्ता सांगितला, बापाचं नाव सांगितलं. कुणीतरी तिच्या घरी निरोप द्यायला गेलं. तिला बाकावर बसवलं. मी उभी.

"ए. जात काय तुझी?"

अंजूला विचारलं नव्हतं. मला विचारलं. माझ्याकडे बघूनच विचारावंसं वाटलं असणार, फ्रॉक तसा होता. मी म्हटलं, "टकारी."

लिहिणारा शिपाई नवा होता. "टकारी म्हंजे?" त्यानं जमादाराला विचारलं.

"भामटा लिही," जमादार म्हणाला. "बाप काय करतो गं?"

आणि मी ते वाक्य बोलले. दहा वर्षं ते वाक्य माझ्या छातीवर बसलंय. आमच्या घरात जसं बोलायचे तसंच बोलले. "बाबा टाक्या मारतात."

पुढे "पाट्यावर" म्हणायचं होतं. म्हणूच दिलं नाही. जमादार खो खो हसला. इकडे मारणं म्हणजे चोरणं, पाकीट मारलं, सायकल मारली. आणि टाकी म्हणजे पाण्याची टाकी. "पोरगी नेलपॉलिश मारते, बाप टाक्या मारतो," तो म्हणाला. "अख्खं खानदान कामाला लागलंय." शिपायानं विचारलं, धंद्यात काय लिहू. जमादार म्हणाला, "तोच."

अंजूसुद्धा हसली. थोडीशीच. घाबरलेली होती, म्हणून हसली असेल. मी तिला तेवढं माफ केलंय.

तिचे वडील आले तेव्हा दुकानदारानं खुर्ची पुढे केली. ते चिडले होते, पण त्यांचा आवाज चढला नाही. "पोरवय आहे. संगतीचा परिणाम," ते म्हणाले. संगत म्हणजे मी. जमादार अंजूला म्हणाला, "बाळ, असं करू नये हं." झालं. दहा मिनिटांत ती घरी. जाताना तिची नखं लाल होती.

माझा बाप आला संध्याकाळी. गल्लीतून परस्पर आलेला, खांद्याला पिशवी. चौकीच्या दाराशी त्यानं चपला काढल्या. देवळात काढतात तशा. जमादारानं पिशवी टेबलावर ओतली. चार टाक्या, हातोडी, एक पहार.

"हे बघा. घरफोडीचं सामान."

"साहेब, पाट्याची टाकी हाय ती," बाप म्हणाला.

"पोरगी तर म्हणते तू टाक्या मारतोस."

बापानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्याला एवढंच कळलं की पोरगी काहीतरी बोलून बसलीय. मला ओरडून सांगायचं होतं, बाबा, मी खरंच सांगितलं होतं. मी नुसती रंगवलेली नखं मुठीत लपवली. ते बघणं अजून माझ्या मागे आहे. भर दुपारी बसस्टॉपवर उभी असताना येतं, परीक्षेच्या हॉलमध्ये आलेलं, माझ्या मुलाखती घेताना येतं. मी वळून बघते, तिथं कोणी नसतं.

त्याला दोन दिवस आत ठेवलं. दुकानदारानं मागच्या सहा महिन्यांत हरवलेलं सगळं माझ्या नावावर लावलं. बाल न्यायालयात लिहून आलं की बापाच्या ताब्यात देणं योग्य नाही, कुटुंब सराईत. मी अकरा महिने रिमांड होममध्ये. बापाच्या टाक्या मुद्देमालात गेल्या, त्या परत आल्या नाहीत. नव्या घ्यायची त्याला हिंमत झाली नाही. मिळाल्या असत्या तरी खांद्याला पिशवी लावून तो पुन्हा कुठल्या गल्लीत गेला नसता. तो रेतीबंदरावर रेती उपसायला लागला. खाडीच्या पाण्यात छातीएवढं उभं राहून चार वर्षं काढली, आणि मग छातीनंच दगा दिला. मरेपर्यंत तो मला त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलला नाही. बोलायला हवा होता. शिव्या द्यायला हव्या होत्या.

होममध्ये मला एक गोष्ट कळली. मुलांचं होम आणि मुलींचं होम, दोन्हींचे फॉर्म एकाच कपाटात असायचे. मुलांच्या फॉर्मवर रकाना होता, वर्तणूक. मुलींच्या फॉर्मवर त्याच जागी, चारित्र्य. मुलानं चोरी केली तर त्यानं चोरी केली. मुलीनं चोरी केली तर तिची नखं बघायची, केस बघायचे, कुणाशी बोलते बघायचं. तिथं शेवंता नावाची मुलगी होती, माझ्याच वयाची. पहिल्या दिवशी तिनं अंगणातला खडा घेऊन माझ्या नखांचा रंग खरवडून काढला, कारण रंग दिसला की बाई मारायच्या. नंतर रोज दुपारी आम्ही एकमेकींच्या डोक्याला तेल लावायचो. ती हात धरून बसायची. मैत्रीण होती ती माझी, दुसरं काय. आठ वर्षांची असल्यापासून ती अशा होमांमधून फिरत होती, तिला कोणीतरी हात धरायला हवं होतं. मलाही हवं होतं. बाईंनी फाइलीत लिहिलं, मुलींशी गैर सलगी. शेवंताला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवून दिलं. मी तिला नंतर खूप शोधलं. मॅडमचं काम मी घेतलं तेही खरं तर त्यासाठीच, की सगळ्या होमांची रजिस्टरं बघायला मिळतील. शेवंताचं नाव कुठंच सापडलं नाही.

सुटले तेव्हा शाळेनं नाव कमी केलेलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली. आई चार घरची भांडी घासायची, मीही घासली. कल्याणच्या कॉलेजात बी.ए., मग एम.ए. होमबद्दल कोणालाही सांगितलं नाही. मॅडमनी माझा दाखला बघितला तेव्हा त्या क्लार्कसारखा ड्रॉवर बंद केला नाही. उलट खूश झाल्या. "तुझ्यासमोर त्या मुली मोकळेपणानं बोलतील," म्हणाल्या. आणि खरंच बोलल्या हो. त्यांना वाटलं, ताई आपल्यातली आहे.

तर तो हॉल. हसणं थांबलेलं. मॅडम पट्टीनं एकेक ओळ दाखवत होत्या. जात. धंदा. नखांना रंग. समासात होमच्या बाईंच्या अक्षरात, गैर सलगी. "म्हणजे पहा," त्या म्हणाल्या, "गुन्हा, लैंगिक विचलन आणि कौटुंबिक परंपरा, तिन्ही एकाच केसमध्ये. या जमातींच्या मुलींचं होममधलं प्रमाण इतकं जास्त का, याचं उत्तर इथं मिळतं. शासनाला आमची शिफारस अशी आहे की या मुलींना अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत कुटुंबाकडे परत पाठवू नये."

माझ्या पिशवीतल्या अठ्ठावीस वह्या याच शिफारशीसाठी होत्या. हे मला तेव्हा कळलं. आधी कळायला हवं होतं, पण मी शहाणी थोडीच होते, मी आभारी होते. वहीतल्या मुलींनी मला सांगितलेलं, ताई, आईकडे कधी सोडतील ते विचार ना. आणि मी त्यांचंच बोलणं त्यांना आत ठेवायला घेऊन आलेले.

मॅडमची पट्टी कागदाच्या तळाशी आली आणि एका ओळीवरून सरळ पुढे गेली. त्यांनी मान हलवली. पुढची ठेव.

मी ठेवली नाही.

"मॅडम, शेवटची ओळ राहिली."

"ती महत्त्वाची नाही. पुढची लाव."

"ती वाचा ना."

"अगं, वेळ कमी आहे. बारा नंबर."

माझा हात काचेवर होता. पडद्यावर माझ्या बोटांची काळी सावली पडलेली, एवढी मोठी. मीच वाचलं. "सोबतची मुलगी चांगल्या घरातील असल्याने समज देऊन सोडली."

कोणी हसलं नाही.

"दुकानातून बाटल्या त्या मुलीनं उचलल्या," मी म्हटलं. "मी बाहेर उभी होते. माझा बाप पाट्याला टाकी लावायचा. ही केस मी आहे."

पुढच्या रांगेतले गृहस्थ चष्मा पुसायला लागले. मॅडम माईककडे वळून म्हणाल्या, "आपण चहाचा ब्रेक घेऊ."

मी वह्यांची पिशवी उचलून निघाले. जिन्यापाशी त्यांनी मला गाठलं. रागावल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी. "तू मला आधी सांगायचं होतंस. मी ती फाइल काढली असती."

"तिच्या जागी दुसरीची लावली असतीत."

"तू फार दुखावली गेली आहेस. पण संशोधन तटस्थपणे करावं लागतं. तुझं उदाहरण अपवाद असेल, एवढ्या मुली होममध्ये आहेत त्या काय सगळ्याच अपवाद?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. इतकी वर्षं जे नुसतं दुखत होतं ते पहिल्यांदा समजलं. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही होममधल्या मुली मोजल्या. माझ्यासोबतची मोजली का? तिची फाइल कुठाय? ज्यांना सोडलं त्यांची फाइलच नसते. चोर मोजायला निघालात आणि फक्त धरून ठेवलेले मोजलेत."

हुशार बाई होती, तिला कळलं. कळलं, आणि तिनं पदर सावरला. "हा मुद्दा आपण प्रबंधाच्या तळटीपेत घेऊ," म्हणाल्या. "वह्या मात्र सोमवारी माझ्या टेबलावर हव्यात. तुझ्या एम.फिल.चा अर्ज माझ्या सहीसाठी आहे, विसरू नकोस." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही."

मला हसूच आलं. ज्याच्या हातात टाकी होती त्याला चौकीत चपला काढून उभं केलं, आणि मला म्हणे देवपण. मी खांदा काढून घेतला आणि जिना उतरले. एम.फिल. झालं असतं तर मी आमच्या वस्तीतली पहिली असते. आईनं पेढे सांगून ठेवलेले. हॉलमध्ये बोलले ते तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुझ्या बाला पण असंच वाटलं आसंल, की आता बोलावं. पण बोलला न्हाई." मग ती भांडी घासायला गेली.

शनिवारी होममध्ये मुलींना भेटायचा माझा दिवस होता. पाहणीसाठी मिळालेल्या कार्डाची मुदत संपलेली नव्हती, फाटकावर कोणी अडवलं नाही. मुलींना अंगणात बसवलं. प्रत्येकीला तिची वही वाचून दाखवली आणि ती कशासाठी जाणार होती ते सांगितलं. मीही इथंच होते, हेही सांगितलं. एकीनं माझ्याकडे थुंकल्यासारखं केलं, आणि ते बरोबरच होतं. मी म्हटलं, वह्या तुमच्या आहेत, फाडा, ठेवा, काहीही करा. बऱ्याचजणींनी फाडल्या. मग एक दांडगी पोरगी, टिटवाळ्याची, म्हणाली, "माझी ठेव. पण त्यात अजून एक लिही. माझ्यासंगं दोघी होत्या. त्या गेल्या घरी."

मग सगळ्या बोलायला लागल्या. माझ्यासंगं पण होती. माझ्यासंगं एक पोरगा होता, शेटचा, त्याला मार पण नाही बसला. कुणाला नाव माहीत होतं, कुणाला फक्त बिल्डिंग. मी पिशवीतून कोरी वही काढली आणि लिहून घेतलं. होमचं एकही रजिस्टर असं नाही ज्यात हे सापडेल.

सोमवारी मॅडमच्या टेबलावर मी माझा राजीनामा ठेवला. वह्या नाहीत, असं एका ओळीत लिहिलं.

आणि त्याच आठवड्यात अंजूकडे गेले. पत्ता जुन्या वर्गातल्या एकीनं दिला. ठाण्यात बाळकुमच्या बाजूला नवं कॉम्प्लेक्स झालेलं, तिसरा मजला, खिडकीतून अजून थोडी शेतं दिसायची. अंजूला मला बघून खरंच आनंद झाला. गळ्यात पडली. "अगं किती वाळलीस गं तू." चहा केला, चकल्या काढल्या. तिचं लहान बाळ झोपलेलं, म्हणून हळू बोलत होती. "तू अशी अचानक शाळा का सोडलीस? आम्हाला वाटलं तुम्ही गावी गेलात."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती खोटं बोलत नव्हती.

"अंजू, कटलरीचं दुकान आठवतं? नेलपॉलिश?"

"कुठलं गं?" तिनं आठवायचा प्रयत्न केला, कपाळाला आठ्या घालून, मनापासून. मग हसली. "अय्या हो, ते. बाबा किती चिडलेले. आठवडाभर खेळायला सोडलं नव्हतं मला. किती वेडेपणा करायचो ना आपण."

मी ठरवून गेलेले की चिडायचं नाही. मी अकरा महिने सांगितले. बाप सांगितला. खाडी सांगितली. तिचा चहा निवत गेला. तिनं तोंडावर हात ठेवला आणि रडायला लागली, आणि मी तिला उगी करायला उठले नाही. दहा वर्षांपूर्वीची मी उठले असते.

"मी काय करू सांग," ती म्हणाली.

मी वही उघडली. "मी विचारते, तू सांग. त्या दिवशी बाटल्या कोणी उचलल्या?"

"मी."

"किती?"

"दोन. पण..." ती थांबली. "हे कुठं छापणारेस का? माझं नाव नको हं घालूस. ह्यांच्या घरचे फार कडक आहेत."

"नाही घालणार. नंबर घालीन."

मी वहीत लिहिलं, केस क्रमांक एक. मग पुढचा रकाना विचारला. "जात?"

ती दचकली. "तुला माहितीये की."

"तुझ्या तोंडून पाहिजे."

"पण हे कशाला लागतं? त्याचा काय संबंध?"

तिनं ते अगदी निरागसपणे विचारलं. अठ्ठावीस मुलींना मी हा प्रश्न विचारलेला, एकीनंही असं उलट विचारलं नव्हतं. त्यांना माहीत होतं कशाला लागतं. मी पेन टेकवून बसून राहिले. बाळ कुरकुरलं, ती उठून त्याला थोपटून आली, मी तशीच बसलेली. शेवटी तिनं खालच्या आवाजात सांगितलं. मी लिहिलं. वडिलांचा धंदा विचारला, तिनं बँकेत असं सांगितलं, मी बँकेत असंच लिहिलं. पेनच्या टोकाशी दुसरा शब्द आला होता. तो मी लिहिला नाही. मला त्या जमादारासारखं लिहायचं नाहीये. मला खरं लिहायचंय.

तिची सही घेतली. तारीख घातली. दारापर्यंत ती आली, माझा हात धरला. "तुला यातून काय मिळणार गं? गेलं ते गेलं ना."

"तुझी फाइल मिळाली," मी म्हटलं आणि हात सोडवून घेतला.

आज वहीत टिटवाळ्याच्या दोघी आहेत, शेटचा पोरगा आहे, खडवलीची एक सरपंचाची मुलगी आहे, अजून बरेच आहेत. काही दारं तोंडावर आपटतात. एका बापानं कुत्रं सोडलं. एका बाईनं पाया पडून विनवलं की जाऊ दे. मी जाऊ देत नाही. मॅडमचा अहवाल शासनाकडे जाईल तेव्हा त्याच्यामागोमाग माझी वही जाणार, न्यायाधीशापुढे जाणार, आणि होममधल्या प्रत्येक मुलीच्या नावापुढे मी एकच प्रश्न विचारणार: त्याच दिवशी, त्याच जागी, कोणाला सोडलंत? उत्तर देईपर्यंत मी तिथून हलणार नाही.